चिंबोऱ्यांची वाटणी कशी करायची? वाडी, पिंजरेवाले आणि आमचे पाहुणे

खाडीवरची वहिनी

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

बाणकोटच्या वर सावित्रीच्या खाडीचा एक फाटा आत शिरतो, त्याच्या काठी आमचं गाव. घरामागे दोन खोल्या आहेत, त्या पाहुण्यांना देतो. जेवण माझं, होडी नवऱ्याची. शनिवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांना चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला खाडीत न्यायचं, फग (आमिष बांधलेली गोल जाळी) टाकायला द्यायचे, आणि जे मिळेल ते रात्री मी रश्शात घालून वाढायचं. गेली सहा वर्षं हेच चाललंय आणि दोन मुलांचं शिक्षण यातूनच निघतंय.

खाडीवर जगणारे आम्ही एकटे नाही. भोईवाड्यातल्या आणि दालदी (मुसलमान मच्छीमारांच्या) मोहल्ल्यातल्या काही पोरांनी पिंजरे घेतलेत. पिंजरे व्यापाऱ्याचे, त्याने उचल दिलीय, माल त्यालाच द्यायचा. जिवंत चिंबोरी नांग्या बांधून पाटीत भरायची, ती रात्रीच मुंबईला जाते आणि म्हणे तिथून पुढे विमानाने. तिसरी कातकरवाडी, कातकरी आदिवासींची वस्ती. वाडीवरच्या बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिवरात (खारफुटीत) उतरतात, बिळात लोखंडी आकडी घालून चिंबोरी ओढतात. होडी नाही, जाळं नाही. गुडघाभर चिखल आणि कमरेला पिशवी.

कमी झाल्यात हे मला सांगायला तज्ज्ञ लागत नाही, माझ्या विळीवर कळतं. लग्न होऊन आले तेव्हा किलोला तीन चढायच्या. आता सहा चढतात, आणि छातीवर अंगठा दाबला की निम्म्या आत जातात. पोचट. नुसतं पाणी.

आता मूळ गोष्ट. गेल्या अवसेला आठ जणांचा ग्रुप आला होता. अवसेला चिंबोरी भरलेली असते हे आता शहरातही माहीत झालंय. भरती जोराची होती, फग उचलावा तर दोन-दोन. पोरं चेकाळली. एकतीस चिंबोऱ्या टबात घालून आणल्या. जेवताना अकरा संपल्या. बाकीच्या "सकाळी नेऊ" म्हणून टबात राहिल्या, आणि सकाळपर्यंत एकमेकींच्या नांग्या तोडून, गरम पाण्यात गुदमरून गेल्या. मेलेली चिंबोरी कोणी खात नाही. पाहुणे बिल देऊन गेले, वीस चिंबोऱ्या मागल्या दारी तशाच.

तेवढ्यात वाडीवरची म्हातारी आली, नेहमीसारखी चार चिंबोऱ्या घेऊन. टबाजवळ उकिडवी बसली, काडीने एकेक उलटी करून पाहिली. म्हणाली, "ह्या कोनी खाल्ल्या नाय व्हय?" बस, एवढंच. मग मला चार विकल्या, नेहमीच्या भावाने. घरात एकही पाहुणा नव्हता तरी मी घेतल्या. दुपारी नारळाच्या मुळाशी खड्डा करून त्या वीस पुरल्या. त्यातल्या किती माद्या होत्या ते मी मोजलं नाही. मोजायचं धाडस झालं नाही म्हणा.

आता गावात समिती बसलीय, "खाडी वाचवा" म्हणून. ठराव तीन आलेत. एक, वाडीच्या बायकांना तिवरात बंदी, कारण त्या बारक्या चिंबोऱ्या नेतात आणि मुळं तोडतात. दोन, १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते, तशी खाडीत चिंबोरीला सरसकट बंदी. तीन, पिंजरेवाल्यांनी पावती फाडावी. पाहुण्यांच्या होड्यांबद्दल ठरावच नाही! समितीत माझा नवरा आहे, कारण उघड आहे.

माझे धाकटे दीर अमेरिकेत असतात. ते फोनवर म्हणाले, इकडे खेकड्यांचा निम्मा वाटा आदिवासींचा, कोर्टाने ठरवलेला. खरं आहे का हे? आणि अशी वाटणी आपल्याकडे कोणी कधी केलीय का? आमचा धंदा त्यात कुठे बसतो ते स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही.

---

श्रीवर्धन ते सिअ‍ॅटल

वहिनी, तुमच्या दिरांनी खरं सांगितलं, पण अर्धंच. मी श्रीवर्धनचा, गेली चौदा वर्षं सिअ‍ॅटलच्या उत्तरेला राहतो आणि दर उन्हाळ्यात खेकडे धरतो. इथला खेकडा डंजनेस जातीचा, थंड पाण्यातला. चव आपल्या चिंबोरीपुढे गोडसर-फिकी, पण मांस भरपूर.

१८५४-५५ साली इथल्या, म्हणजे आताच्या वॉशिंग्टन राज्यातल्या, आदिवासी जमातींनी अमेरिकन सरकारशी करार केले. जमीन दिली, पण "आमच्या नेहमीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीने मासेमारी" एवढा हक्क राखून ठेवला. राखून ठेवला, हा शब्द नीट ऐका. सरकारने दिलेली ती सवलत नव्हती, त्यांनी सोडलेलीच नव्हती ती गोष्ट. तरी पुढे कित्येक दशकं राज्याचे अधिकारी याच लोकांना नदीत जाळी टाकली म्हणून पकडत राहिले. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी "बरोबरीने" याचा अर्थ लावला, निम्मं-निम्मं. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मुळात मान्य केला. पण ते प्रामुख्याने साल्मन माशाबद्दल होतं. खेकडे, शिंपले वगैरेंसाठी पुन्हा भांडावं लागलं. १९९४ साली न्यायाधीश एडवर्ड राफीडी यांनी सांगितलं की कवचवाल्यांतही निम्मं.

म्हणजे अर्धा वाटा जमातींचा. उरलेल्या अर्ध्यात धंदेवाले आणि आमच्यासारखे हौशी. आणि खरी हमरीतुमरी इथल्या हौशी-धंदेवाल्यांतच चालते, जमातींवर तोंडसुख घेणारे असतात ते वेगळे. २०१० साली राज्याच्या आयोगाने हौशींना झुकतं माप दिलं, उन्हाळ्यात आठवड्याचे पाच दिवस. धंदेवाले अजून त्या नावाने बोटं मोडतात.

पण हे निम्मं मोजतात कसं, ते तुमच्या कामाचं आहे. मला परवान्याबरोबर एक कार्ड मिळतं. खेकडा ठेवला की तिथल्या तिथे त्यावर नोंद. मोसम संपला की कार्ड कळवायचं, एकही मिळाला नाही तरी कळवायचं. नाही कळवलं तर पुढच्या परवान्याला १० डॉलर जास्त. दिवसाला माणशी ५, फक्त नर, पाठ सव्वासहा इंचांच्या वर, कवच कडक. माणशी दोनच पिंजरे. पिंजऱ्याला कापसाची दोरी सक्तीची, म्हणजे पिंजरा हरवला तर दोरी कुजून दार उघडतं आणि आतला खेकडा सुटतो. शिवाय बारके निघून जावेत म्हणून सव्वाचार इंची दोन कडी.

पहिल्या वर्षी माझ्या बादलीत एक मादी निघाली. धक्क्यावरच्या अधिकाऱ्याने ती उलटी केली, पोटावरची रुंद पट्टी बोटाने दाखवली आणि दंडाची पावती दिली. मी कोकणातला, खेकड्याचा नर-मादी न ओळखणारा! बायकोने ती पावती फ्रिजवर लावून ठेवलीय.

---

गळवाला ठाणेकर

मी पाहुण्यांच्या बाजूने बोलतो, कारण मी तोच आहे. वर्षातून तीन-चारदा येतो. सहा चिंबोऱ्या नेल्या तर खाडी रिकामी होते का? व्यापारी पाट्या भरभरून नेतो त्याला कोणी बोलत नाही. आम्ही पैसे देतो, गावात चार घरं चालतात. पाहुण्यांवर बंधनं घातली की ते गोव्याला जातात, हे लक्षात घ्या.

---

खाडीवरची वहिनी

दादा, तुम्ही सहाच नेता हे खरं असेल. पण माझ्याकडे महिन्याला चार ग्रुप येतात, गावात अशी पाच घरं, प्रत्येकाच्या सहा. आणि व्यापाऱ्याचं म्हणाल तर त्याची चिंबोरी मेली की त्याचा पैसा जातो, म्हणून तो ओला गोणपाट टाकून तिला जपतो. माझ्या टबातली मेली तर कोणाचंच काही गेलं नाही. तेच मला डाचतंय.

---

मालवणी गजाल

वयनी, मी मालवणचो. आमच्याकडे चिंबोरी नाय, कुर्ली. बाकी गजाल तीच. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून शुद्ध लिहितो, चुकलं तर हसू नका.

पंधरा वर्षं कुर्लीचे पिंजरे टाकतोय. म्हणजे मी तुमच्या गोष्टीतला खलनायक. तरी दोन कामाच्या गोष्टी.

पहिली, सिअ‍ॅटलवाल्यांचं सव्वाचार इंची कडं इथे लावू नका. कुर्ली आडवी चालते, भोकातून निघतानाही बाजूने निघते. तिला पाठीची रुंदी अडत नाही, पुढून-मागची लांबी अडते. चार इंची कड्यातून आपली अर्धा किलोची कुर्लीसुद्धा हसत हसत निघून जाईल आणि तुमची पोरं दुसऱ्याच दिवशी कडी उपटून फेकतील. प्लंबरकडे ७५ मिमीचा पाईप मिळतो, अडीच इंची म्हणतात तो. त्याची दोन बोटं रुंद कडी कापा आणि पिंजऱ्याच्या तळाशी बाजूला बांधा, वर नाही. पाव किलोच्या आतल्या बहुतेक निघून जातात. पोरांचाही फायदाच आहे, कारण एका पिंजऱ्यात दहा बारक्या अडकल्या की मोठी आत शिरत नाही आणि शिरलीच तर बारक्यांना फाडते.

कापसाच्या दोरीचं मात्र एकदम पटलं. आपल्याकडे सुतळी आहे की! नायलॉनने दार बांधलेला पिंजरा उधाणात वाहून गेला तर महिनोन्‌महिने मारत राहतो. आतली कुर्ली मरते, तिच्या वासाने दुसरी येते, ती मरते.

दुसरी गोष्ट लाखेची. खाजणातली मोठी कुर्ली अंडी घालायला खाडीत थांबत नाही, समुद्रात जाते. जाताना तिच्या पोटात जी केशरी लाख, म्हणजे न घातलेली अंडी, असते ती तुमच्या पाहुण्यांनाही हवी आणि व्यापाऱ्यालाही हवी. व्यापारी लाखेच्या मादीला नरापेक्षा जास्त भाव देतो. तिकडे सिअ‍ॅटलला मादी ठेवली की दंड, आपल्याकडे मादी ठेवली की बक्षीस. निम्मं-निम्मं कोणाचं ते ठरेल तेव्हा ठरेल, पण मादी बाहेरच पडली नाही तर पुढच्या वर्षी निम्मं कशाचं करणार?

आणि वजनाची वाटणी विसरा. मोजणार कोण? २०१६ साली पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) शासनाचे निर्बंध आले, सप्टेंबर ते डिसेंबरच परवानगी. त्यासाठी आम्ही पारंपरिकवाल्यांनी घसा कोरडा केला होता. कागद आला, पण रात्री समुद्रात दिवे दिसतात ते दिसतातच. मोजायचं तर पिंजरे मोजा. पिंजरा लपत नाही, सुकतीला उघडा पडतो.

---

पेणची वकील

वहिनी, तुमच्या समितीचा पहिला ठराव कायद्यात टिकणारा नाही आणि दुसरा त्याहून वाईट आहे, फक्त वरून चांगला दिसतो. दुसऱ्यापासून सुरू करते.

वाडी वर्षभर वाडीवर असते का? आमच्याकडच्या कातकरी वाड्या दिवाळी झाली की वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातात, पार घाटावर किंवा कर्नाटकात. परत येतात मृग लागायच्या सुमारास. भट्टीची उचल फिटलेली असते-नसते, हातात काही नसतं, शेतीची मजुरी सुरू व्हायला अवकाश असतो. त्या दिवसांत पोटाला काय? पहिल्या पावसाचे मुठे (शेतातले खेकडे), वळगणीचे (पहिल्या पुराला वर चढणारे) मासे आणि खाडीतली चिंबोरी. तुमचा व्यापारी पावसात तसाही थंड असतो आणि पाहुणे शाळा सुरू झाल्या की कमी होतात. म्हणजे जून-जुलैची बंदी कागदावर तिघांना, प्रत्यक्षात एकट्या वाडीला. समितीत वाडीचं कोणी आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसावं.

समुद्रातल्या बंदीचा दाखला देणाऱ्यांना एवढंच विचारा की ती यांत्रिक होड्यांना आहे ना? चिखलात उतरलेल्या बाईला कोणतं यंत्र आहे?

आता हक्काचं. आपल्याकडे अमेरिकेसारखे करार नाहीत. पण २००६ चा वनहक्क कायदा आहे, आणि त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाणवठ्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलेलं आहे. लोकांना वाटतं हा कायदा डोंगरातल्या वनजमिनीचा. पण २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि सरकारी जमिनीवरची तिवरं वन म्हणून जाहीर होत गेली. म्हणजे तुमच्या खाडीतलं तिवर राखीव वन झालेलं असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे राहून त्या तिवरावर पोट भरणाऱ्या वाडीला ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे सामूहिक दावा टाकता येतो. तिथून तो उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. तलाठ्याकडे सर्व्हे नंबर काढा, आधी ते बघा.

भोई आणि दालदी मंडळींनाही दार बंद नाही, पण त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागेल, कारण ते अनुसूचित जमातीत नाहीत. यावरून गावात "आम्ही पण पिढीजात, मग आदिवासीच का पुढे" हे होणार. कोळ्यांतही तेच आहे, महादेव कोळी, मल्हार कोळी जमातीत, सोनकोळी नाहीत. खाडीवर जगणं सगळ्यांचं सारखंच, दाखला वेगळा. अवघड जागा आहे ही, मी ती सोपी करून सांगणार नाही. फक्त कातकरी राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक आहेत आणि त्यांच्याकडे होडी, जाळं, व्यापारी, समितीतला नवरा यातलं काहीच नाही, एवढं धरून बोला. (नवऱ्याचं लागलं असेल तर माफ करा.)

मुळं तोडल्याच्या आरोपाबद्दल: एकदा सुकतीला स्वतः जाऊन बघा कोणाच्या वाटेवरची मुळं तुटलीत.

---

खाडीवरची वहिनी

नवऱ्याचं लागलं नाही. त्याला वाचून दाखवलं, तो उठून होडी धुवायला गेला.

सुकतीला जाऊन बघितलं. सोबत म्हातारी होती, तिच्या मागून चालताना मी दोनदा रुतले. ती बिळाच्या तोंडाशी चिखल बघते. ताजा गोळा बाहेर पडलेला असला तर आत आहे, नाहीतर पुढे. आकडी आत घालून हलवते, ऐकते, आणि काही बिळांवर नुसता हात ठेवून पुढे जाते. विचारलं तर म्हणाली, "ही नरम हाय, कात टाकलीया." पंधरा दिवसांनी येणार म्हणे तिच्यासाठी. बिळाला कोणती खूण नाही, काही नाही. मुळं तुटलेली दिसली ती तीन ठिकाणी, तिन्ही होडी आत घालायच्या वाटेवर. त्यातली एक आमच्या होडीची. इंजिनाचा दांडा घासल्याची खूण मला ओळखू येते.

परवा शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. वाडीवरच्या दोघींना बोलावलं, त्या आत आल्या नाहीत, पायरीवर बसल्या. तासभर सगळे बोलले. शेवटी त्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? त्यांचं एकच होतं, जळक्या खुंटाच्या आतल्या ओहोळात पिंजरे टाकू नका, बाहेर कितीही टाका. पिंजऱ्यात आमिषाला मासळीची डोकी असतात, त्या वासाने बिळातल्या चिंबोऱ्या बाहेर पडतात आणि सुकतीला बिळं रिकामी सापडतात. इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

पिंजरेवाली पोरं चिडली, आतला ओहोळच चांगला म्हणून. एक म्हणाला, उचल कोण फेडणार, समिती? त्याचंही खोटं नाही. मग पिंजऱ्यांची संख्या निघाली. कोणी चाळीस म्हणालं, कोणी दीडशे. मालवणच्या दादांचं सांगितलं, सुकतीला मोजू. ते कधी मोजायचं ते ठरलं नाही. जून-जुलैची बंदी मात्र बारगळली. वाडीला तिवरात बंदीचा ठराव ज्याने मांडला होता तो त्या दिवशी आलाच नाही, त्यामुळे तो मागे घेतलाय की लोंबकळतोय हे मला सांगता येणार नाही. वकीलताई, सर्व्हे नंबर काढायला दिलाय.

पाहुण्यांचा नियम मी घरीच केला, समितीला न विचारता. माणशी दोन चिंबोऱ्या, नरच. मादी होडीतच उलटी करून बघायची आणि सोडायची. टब बंद, ओला गोणपाट. गेल्या रविवारी एका बाईंनी लाख मागितली. नाही म्हटलं, तिसऱ्या दिवशी तीन स्टार आले, "रस्सा छान पण लाख नव्हती". आधीचे सगळे पाच होते. नवरा म्हणाला, बघ. बघितलं.

आमच्या शेजारच्या प्लंबरकडे ७५ मिमीच्या पाईपचा एक तुकडा पडला होता, त्यातून सव्वीस कडी निघाली. हॅक्सॉचं पातं दोनदा मोडलं. बारा कडी भोईवाड्यातल्या एका पोराने नेली, सुतळीचा गुंडाही नेला. बाकीची पडवीत टांगलीत. महाड किंवा गोरेगावच्या बाजूला कोणाकडे बांधकामाचा ७५ मिमीचा पाईप उरला असेल तर कळवा, नवा दहा फुटी घ्यायचा म्हणजे समिती पैसे देणार नाही आणि मीच देणार, हे मला माहीत आहे.